चंपा, भानुमती आणि कानन पाटील

जळगावला मी ज्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, तिथे आठवड्यातून दोनदा तरी अशा बायकांच्या नावाने पार्सलं यायची, ज्या त्या घरात राहतच नव्हत्या. चंपा पाटील, भानुमती पाटील, बिजली पाटील. पार्सल आणणारे रफिकभाई सुरुवातीला दारात उभे राहून विचारायचे, "अक्का, ही बिजली कोण?"

"मीच," अक्का म्हणायच्या आणि पार्सल घ्यायच्या.

"आणि परवाची चंपा?"

"तीही मीच."

महिनाभराने रफिकभाईंनी विचारणं सोडलं. पाटील म्हटलं की त्या पिवळ्या फाटकाशी गाडी थांबवायची, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. सत्तरी ओलांडलेली, किडकिडीत, ताठ कण्याची बाई. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. खाली त्या एकट्या आणि वर मी. या नावांचं गूढ मला त्यांनीच उलगडून सांगितलं, तेही मी विचारल्यावर दोन दिवसांनी, माझी नीट पारख करून झाल्यावर.

"चपलांच्या दुकानाला मी चंपा. भांड्यांच्या दुकानाला भानुमती. परसातल्या वेलांचं बियाणं मागवते तिथे बिजली. उद्या कुणी फोन करून म्हणालं, 'भानुमती मॅडम, तुम्हाला बक्षीस लागलंय', तर मला काय कळेल?"

"बक्षीस लागलं नाही ते."

"ते तर कुणालाही कळेल. माझा नंबर भांडेवाल्याने विकला, हे कळेल."

आणि तसं झालंही होतं. अक्कांनी त्या भांडेवाल्यांना असं पत्र लिहिलं की त्यांनी क्षमा मागून एक स्टीलचा झारा भेट म्हणून पाठवला. अक्कांनी तो उघडूनही न बघता परत केला.

नोकरीतली बरीचशी वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावी फोन करायचा तर आधी ट्रंक कॉल लावावा लागायचा आणि मध्ये बसलेली बाई दोन्हीकडच्या तारा जोडून द्यायची, त्या काळातल्या. रावेरचा केळीचा व्यापारी दिल्लीच्या दलालाशी बोलायचा तो अक्कांच्या हातून. ते खातं बदललं, तारा जोडायचे बोर्ड गेले, माणसं घरी बसली, पण अक्कांची बोटं आणि कान काही त्या खुर्चीतून उठले नाहीत. फोन घेतला की "हॅलो" नाही, "बोला". पाहुणा गप्पा मारत बसला की थोड्या वेळाने, ट्रंक कॉलवर विचारत तसं, शांतपणे विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?" नवखा माणूस गडबडून उठायचा. जुने लोक हसून म्हणायचे, "वाढवा अक्का," आणि चहा मागायचे.

मी पहूरची. शिकून जळगावला लागले ती केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत. दिवसभर मास्क लावून बाटल्या हाताळायच्या, एका बाटलीतली बुरशी दुसरीत जाऊ द्यायची नाही. कामात मी इतकी जपणारी, आणि बाहेर माझा कारभार असा, की ज्या ज्या साइटने "कार्ड सेव्ह करू का" विचारलं, तिला मी हो म्हटलेलं. पुन्हा पुन्हा आकडे कोण टाकत बसणार?

एक दिवस दुपारी डबा खाताना मोबाइल तीन वेळा वाजला. माझ्या खात्यातून कुठल्याशा परदेशी खेळासाठी तीनदा पैसे गेले होते. मी खेळ सोडा, पत्तेही खेळत नाही. अर्धा पगार गेला होता, आणि त्यातून पहूरला आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पाठवायचे होते. मी सुटी टाकून घरी आले आणि जिन्यातच रडत बसले.

अक्का बाहेर आल्या. माझ्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. शेजारच्या पायरीवर बसल्या आणि विचारलं, "बँकेला सांगितलंस?"

"नाही."

"मग रडतेस कशाला आधी? कार्ड बंद कर. तक्रार लिही. रडणं नंतर."

त्यांनी बाजूला बसून माझ्याकडून सगळं करून घेतलं. कार्ड बंद, बँकेकडे तक्रार, सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार, प्रत्येकाचा क्रमांक कागदावर. मग म्हणाल्या, "आता सांग, हे कार्ड कुठे कुठे देऊन ठेवलंयस?"

मी आठवून आठवून सांगत गेले. कपड्यांची साइट, पुस्तकांची, बसच्या तिकिटांची, केसांच्या तेलाची. अकरा ठिकाणं झाली.

"बठ्ठी एकाच कार्डावर?" अक्का म्हणाल्या. घरात त्या शुद्ध बोलायच्या, पण धक्का बसला की 'सगळी'ची 'बठ्ठी' व्हायची, मूळचं गाव बाहेर यायचं. "अगं, अकरा घरांना एकच किल्ली दिलीस. आता चोर कुठल्या घरातून आला, ते कसं शोधणार?"

त्या संध्याकाळी त्यांनी मला व्हर्च्युअल कार्ड दाखवलं. बँकेच्या ॲपमध्येच ते होतं, माझ्याही होतं. मी तिकडे कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. दोन-तीनदा दाबलं की सोळा आकड्यांचं नवं कार्ड तयार. प्लास्टिक नाही, काही नाही, नुसते आकडे. त्याच्यावर किती रुपयांपर्यंत खर्च होऊ द्यायचा, ते आपण ठरवायचं. एकदाच वापरायचं कार्ड काढलं, तर खरेदी झाली की ते संपलं. मग ते आकडे कुणी चोरले काय आणि भिंतीवर लिहिले काय.

"आमच्या बोर्डावर असंच होतं," अक्का म्हणाल्या. "दोघांना बोलायचंय, तार जोडली. बोलणं झालं, तार काढली. एखादी बाई काढायला विसरली, की तिसऱ्याचं बोलणं चौथ्याच्या कानात. तू अकरा तारा जोडून झोपायला गेलीस."

पैसे पुढे दीड महिन्याने परत आले. आईचं ऑपरेशन तेवढं लांबलं, पण झालं. त्यानंतर मी अक्कांची शिष्या झाले. बँकेतला नवा अधिकारी तर त्यांना बघितलं की काचेआड सरकायचा. त्याला व्हर्च्युअल कार्डाची मर्यादा कशी बदलायची हे माहीत नव्हतं, आणि अक्कांनी रांगेतल्या सगळ्यांसमोर त्याला ते त्याच्याच मोबाइलवर शिकवलं होतं. खरं प्लास्टिकचं कार्ड त्या फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात ठेवायच्या. संध्याकाळी दिवा लावला की मोबाइल घेऊन ॲपमधली कार्डं एकेक करून बंद करायच्या, आणि सकाळी दूध तापलं की लागेल तेवढंच चालू करायच्या. रोज. दाराची कडी घालावी तसं.

गल्लीत त्यांचं नाव झालं होतं. नशिराबादहून त्यांचे एक मावसभाऊ फक्त यासाठी यायचे, की मोबाइलवर आलेला अमुक मेसेज खरा की खोटा ते अक्कांनी सांगावं. अक्का चष्म्याखालून मेसेज वाचून म्हणायच्या, "खोटा. आता चहा घ्या." मग तीन मिनिटांनी त्यांना उठवायच्या.

एक नियम मात्र मला जरा जास्तीचा वाटायचा. त्यांनी फोनवर बोलणंच बंद केलं होतं. कुणाचाही फोन आला की कापायच्या आणि मेसेज पाठवायच्या: "फोन करू नये. लिहून पाठवावे. हल्ली फसवणूक फार." मुलीलासुद्धा हेच. मी वरून खाली काही विचारायला फोन केला तरी हेच. आयुष्यभर फोनवर बसलेली बाई फोन घेत नाही, याचं मला आश्चर्य वाटायचं, पण मी ते सावधगिरीच्या खात्यात टाकलं. टीव्हीचा आवाज बंद करून त्या खालच्या अक्षरांवर मालिका बघायच्या, तेही मला विक्षिप्तपणातच जमा वाटलं. "आवाज ऐकून ऐकून कंटाळले मी," असं त्या सांगायच्या. मला पटायचं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कुणालाही कंटाळा येईल.

उन्हाळा लागला. गच्चीवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत होत्या आणि माझ्याकडे कावळे हाकलायचं काम होतं. रफिकभाई खालून हाका मारत होते. बराच वेळ मारत होते. अक्का खालीच असताना हे एवढे का ओरडतायत, म्हणून मी उतरले.

"घंटी वाजवली, दार वाजवलं," रफिकभाई म्हणाले. "झोपल्या वाटतं." त्यांनी लहानसं खोकं माझ्या हातात दिलं. वर नाव होतं कानन पाटील.

अक्का झोपल्या नव्हत्या. दाराकडे पाठ करून शेंगा सोलत होत्या. मी समोर जाऊन खोकं पुढे केलं, तेव्हा दचकल्या, आणि ते असं ओढून घेतलं की चार शेंगा सांडल्या.

"ही नवी कोण, अक्का? कानन?"

"आहे एक," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी नावावर जरा विचार केला. चंपाची चप्पल, भानुमतीची भांडी. काननचं काय? कापड? कापूर? मग माझ्या बिबड्यांवर कावळा आला आणि विषय तिथेच राहिला.

महिन्याभराने एका रविवारी अक्का जिना चढून माझ्या खोलीत आल्या. त्या सहसा वर यायच्या नाहीत. चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद होता. मोबाइल माझ्यासमोर धरला. बँकेचे मेसेज होते, एकाखाली एक: व्यवहार नाकारला, व्यवहार नाकारला, व्यवहार नाकारला. प्रत्येक वेळी चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये.

"काल रात्रीपासून चौदा वेळा," अक्का म्हणाल्या. "जाहिरात होती, नव्व्याण्णव रुपयांत महिनाभर वापरून बघा. मी शंभर रुपये मर्यादेचं, एकदाच चालणारं कार्ड काढून दिलं. आता महिना झाला, तर बघ कसे दार ठोठावतायत. ठोठावा म्हणावं. घरात कुणी नाही."

"पण काय मागवलं होतं तुम्ही?"

त्या मोबाइलकडेच बघत राहिल्या. तेवढ्यात तो वाजला. सवयीने त्या कापणार, तर मी म्हटलं, "थांबा, मी बोलते. काय ते एकदाच तोडून टाकू." आणि त्यांनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू करून मोबाइल आमच्या दोघींच्या मध्ये, खाटेवर ठेवला.

पलीकडून एक माणूस हिंदी मिसळलेल्या मराठीत बोलत होता, मोठ्या, खणखणीत आवाजात. "कानन मॅडम का? मॅडम, तुमचं कार्ड चालत नाहीये. मशीन तुम्ही महिनाभर वापरलंय, आता दर महिन्याची रक्कम द्यावी लागेल. दुसऱ्या कार्डचा नंबर सांगा आणि ओटीपी येईल तो सांगा. नाहीतर पोलीस केस होणार."

मी अक्कांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, माझ्या ओठांकडे.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

मोबाइल त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

तेव्हा मला कळलं. कानन म्हणजे कान.

मी त्या माणसाला सांगितलं की कार्ड मिळणार नाही, ओटीपी मिळणार नाही, तुमचं मशीन न्यायचं तर येऊन न्या, आणि फोन ठेवला. मग अक्कांकडे तोंड करून तो काय म्हणाला ते सावकाश सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. आधी उजवा गेला, मग डावाही कमी झाला. समोर माणूस असला की ओठांवरून कळतं. फोनला ओठ नसतात."

"मग फसवणूक फार, लिहून पाठवा…"

"फसवणूक आहेच की," त्या म्हणाल्या. "खोटं कुठे बोलले मी?"

आणि हसल्या. मग पदराने डोळे पुसले, चष्मा काढून, अगदी भराभर, जणू धूळ गेली होती. "मी ऑपरेटर होते गं. आवाजावरून माणूस ओळखायची. लोकांना काय सांगू?"

खाली जाऊन त्यांनी ते यंत्र दाखवलं. कानात घातलं की शिट्टी वाजायची आणि ऐकू यायचं ते सगळं एकाच वेळी. "कढईत खिळे ओतल्यासारखं," अक्का म्हणाल्या. दोन दिवसांत काढून ठेवलं होतं. आम्ही दोघींनी मिळून त्या कंपनीला लिहिलं, बँकेला आणि सायबर पोर्टलला कळवलं. आणखी चार-पाच फोन आले आणि मग थांबले. यंत्र न्यायला कुणी आलं नाही.

पण आता मला माहीत झालं होतं, आणि मी मागे लागले. कानाच्या डॉक्टरांकडे चला. अक्का म्हणाल्या, जळगावात नाही. जळगावातल्या प्रत्येक दवाखान्यात त्यांना ओळखणारं कुणी ना कुणी होतं. शेवटी धुळ्याला जायचं ठरलं.

सकाळची एसटी. एरंडोल गेलं, पारोळा आलं, तरी अक्का खिडकीबाहेरच बघत होत्या. पारोळ्यानंतर त्या आपणहून बोलायला लागल्या. धुळ्याच्या बोर्डावर शकू नावाची एक बाई होती. रोज दोघींचं बोलणं, "जळगाव बोलतेय", "धुळे ऐकतंय". कामाचं झालं की घरचं. प्रत्यक्ष भेटी आयुष्यात पाच-सहाच, पण एकीच्या घरातली आमटी खारट झाली की दुसरीला कळायचं. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी फोन. "मग ऐकू येईना. ती बोलायची, मी हं हं करायची. एकदा तिने सांगितलं की तिची बहीण गेली, आणि मी म्हटलं, छान झालं." अक्कांनी पदर सारखा केला. "तिने फोन ठेवला. बहिणीचं नंतर दुसऱ्याकडून कळलं मला. मग मीच लिहून पाठवलं, फोन करू नकोस, फसवणूक फार आहे. तिला मोबाइलवर लिहायला जमत नाही. सुटलं ते."

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. मी सवयीने वाट बघत होते, आता काय निघतंय ते. अक्कांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या घरचं आडनावही सांगितलं, आणि वर वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं.

तपासणीसाठी त्यांना काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन दिला. तो चढला मात्र, अक्का बदलल्या. पाठ ताठ, हनुवटी वर, बोट बटणावर. आवाज ऐकू आला की दाबायचं होतं. अक्का पटापट दाबत सुटल्या. तपासणाऱ्या बाई थोड्या वेळाने दार उघडून म्हणाल्या, "आजी, आवाज नसतानाही दाबताय तुम्ही."

"मला वाटलं, आता येईल," अक्का म्हणाल्या.

"आल्यावर दाबा."

दुसऱ्या वेळी त्यांनी खरं दाबलं. मी काचेतून बघत होते. बराच वेळ त्यांचं बोट हललं नाही.

आठ दिवसांनी यंत्र घ्यायला आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. यावेळचं त्यांच्या कानाच्या मापाचं होतं, डॉक्टरांनी स्वतः बसवलं, आवाज कमी-जास्त करून दिला. शिट्टी नाही, खिळे नाहीत. अक्का रस्त्यावर आल्या आणि उभ्याच राहिल्या. रिक्षा, भाजीवाला, कुणाच्या तरी घरातला कुकर. "एवढं चालू असतं?" म्हणाल्या. बसस्टँडवर येईपर्यंत त्या दर आवाजाला मान वळवून बघत होत्या.

चारच्या जळगाव गाडीला अजून वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. अक्कांनी पर्समधून मोबाइल काढला, परत ठेवला, परत काढला. मग नंबर लावला आणि मोबाइल त्या नव्या यंत्राला जपून टेकवला. पलीकडून कुणीतरी उचललं.

अक्का "बोला" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "शकू, मी वं. जळगाव."

बाजूला बसूनही मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, इतका तो मोठा होता. "इतला दिन कोठे व्हती वं तू? माना राग उना व्हता का?"

"राग नाही गं," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "मला ऐकू येत नव्हतं."

"काय म्हनस?"

"मला ऐकू येत नव्हतं."

"काय? जरा मोठ्याने बोल ना."

अक्कांनी मोबाइल कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग त्या उभ्या राहिल्या, एक हात कमरेवर ठेवला आणि बोर्डावरच्या लाइनीत बिघाड असला की लावत असतील तो आवाज लावला.

"माले ऐकू येत नव्हतं, शकू. दोन वरीस. माले. ऐकू. येत. नव्हतं."

धुळ्याच्या बसस्टँडवर चहावाल्याने ओतता ओतता किटली थांबवली. एका कंडक्टरने तिकिटांच्या यंत्रावरून मान वर केली. समोरच्या बाकावरचे सगळे आमच्याकडे बघायला लागले. जळगावचं कुणी त्यात असेल तर असो, असं अक्कांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

पलीकडून शकूबाई म्हणाल्या, त्याही पूर्ण आवाजात, "मंग आठे ये ना घर. मालेबी कोठे ऐकू येस."

आम्ही चारची गाडी सोडली.